मूल उशिरा बोलते किंवा बोबडे बोलते, तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे काय घेऊन जावे आणि काय विचारावे

दोन-अडीच वर्षांचे मूल बोलत नसले की घरात आधी दिलासाच दिला जातो. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते’ ही वाक्ये ज्या घरात ऐकू आली नाहीत असे मराठी घर विरळा. मग एखादे दिवशी कोणीतरी मुलाचे तोंड उघडून पाहते, ‘जीभ जड दिसते’ असा निकाल देते आणि वेखंड उगाळून जिभेला लावण्यापासून जिभेखालची शीर कापून आणण्यापर्यंतचे सल्ले सुरू होतात. हा लेख त्या टप्प्यावर असलेल्या पालकांसाठी आहे. मुलांच्या दातांचे डॉक्टर, म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचे एमडीएस केलेले बालदंतरोगतज्ज्ञ, या बाबतीत नेमकी कोणती मदत करू शकतात, कोणती करू शकत नाहीत आणि त्यांच्याकडे कोणत्या क्रमाने जावे, एवढाच त्याचा विषय आहे. वेखंडाबद्दल येथेच सांगून टाकतो: ते मधात उगाळून चाटवण्याची पद्धत अनेक घरांत आहे, परंतु एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

उच्चार आणि भाषा यांत गल्लत करू नका

डॉक्टरांची वेळ घेण्यापूर्वी आपली तक्रार कोणत्या प्रकारची आहे हे ठरवणे आवश्यक असते, कारण सगळा पुढचा मार्ग त्यावर अवलंबून आहे. ‘आई, मला थाबण दे, हात धुवायचेत’ असे म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलीची भाषा उत्तम आहे. तिने हाक मारली, मागणी केली, कारण दिले आणि क्रियापदही बरोबर वापरले; तिचा फक्त ‘स’ बिघडला आहे. याउलट, अडीच वर्षांचा जो मुलगा आईचा हात धरून तिला फ्रिजपर्यंत ओढत नेतो आणि एकही शब्द न उच्चारता दाराकडे पाहत उभा राहतो, त्याचा प्रश्न भाषेचा आहे, मग त्याचे वीसच्या वीस दुधाचे दात मोत्यासारखे का असेनात. पहिल्या मुलीला दाताचे डॉक्टर प्रत्यक्ष मदत करू शकण्याची बरीच शक्यता आहे. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत ते फार तर एखादी सुटलेली खूण टिपून त्याला योग्य ठिकाणी पाठवू शकतात. तोतरेपणा, म्हणजे शब्द अडखळणे किंवा एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणे, ही तिसरीच गोष्ट आहे आणि तिचा दातांशी किंवा जिभेच्या शिरेशी संबंध नाही.

वयाचा अंदाज असा धरावा: पहिल्या वाढदिवसाच्या आसपास एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ‘दूध दे’, ‘बाबा गेले’ अशी दोन शब्दांची जोडी आणि तिसऱ्या वर्षी परक्या माणसालाही बहुतेक बोलणे कळावे. बारा महिन्यांपर्यंत बडबडही नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, हाकेला मूल वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलणे कोणत्याही वयात थांबले असेल, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावे. अशा वेळी ‘आधी दात दाखवून घेऊ’ म्हणण्यात महिने जातात.

कान आधी

उच्चाराची तक्रार असो वा भाषेची, पहिली तपासणी कानांची. ‘ऐकायला छान येते, ताट वाजवले की लगेच वळून पाहतो’ हे उत्तर पालक मनापासून देतात, पण स्टीलच्या ताटाचा आवाज मोठा असतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे ध्वनी उंच पट्टीचे आणि क्षीण असतात; ज्याला ते नीट ऐकूच येत नाहीत त्या मुलाला ताट ऐकू येते, दाराची घंटा ऐकू येते, आणि तरीही ‘साप’ व ‘आप’ यांतला फरक पोहोचत नाही. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्या अगदी लहान बाळांच्याही करता येतात, त्या दुखत नाहीत आणि मुलाच्या सहकार्यावर फारशा अवलंबून नसतात. मुंबईत वांद्र्याला 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच विषयांना वाहिलेली आहे. इतरत्र वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत चौकशी करावी.

घरी दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा

दवाखान्यात मुले बोलत नाहीत. घरी दिवसभर चिवचिवाट करणारे मूल पांढरा कोट पाहिला की ओठ मिटून घेते, त्यामुळे मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण सोबत नेणे फार उपयोगी पडते. खेळता खेळता चित्रे किंवा वस्तू दाखवून शब्द म्हणवून घ्या आणि ते निवडताना वर्णमालेचा आधार घ्या. आपली वर्णमाला ध्वनी तोंडात कुठे तयार होतात त्या क्रमानेच मांडलेली आहे: क-वर्ग मागे कंठाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग जिभेचे टोक वर वळवून, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर. पाणी, बाबा, फुगा. ताट, दादा, लाडू, साबण. टोपी, अंडे, बाळ. चोर, चहा, जग. काका, गाडी, राजा, एवढे शब्द पुरेत.

आता ऐका. ‘काका’चे ‘ताता’ आणि ‘गाडी’चे ‘दादी’ होत असेल तर मूल जिभेच्या मागच्या भागाचे काम पुढच्या भागाकडून करून घेत आहे. लहान वयात हे पुष्कळ मुलांत आढळते, साधारण साडेतीन वर्षांपर्यंत आपोआप सुधारते आणि दातांच्या उपचाराने त्यात काहीही बदल होत नाही. ‘बाळ’चे ‘बाल’ आणि ‘राजा’चे ‘लाजा’ होणे हाही बहुधा वयाचा भाग असतो, कारण ‘र’ आणि ‘ळ’ हे उशिरा जमणारे ध्वनी आहेत. ‘साबण’चा ‘थाबण’ होत असेल आणि त्या वेळी जिभेचे टोक वरखालच्या दातांच्या मधून बाहेर डोकावत असेल, तर मात्र पुढच्या दातांची ठेवण पाहायला हवी. मराठीत याच्या जोडीला आणखी एक खूण मिळते. ‘चहा’मधला ‘च’ टाळूचा आहे, तर ‘चोर’मधला ‘च’ दातांच्या मुळाशी होणारा आहे. पुढच्या दातांची अडचण असलेले मूल ‘चहा’ ठीक म्हणते आणि ‘चोर’ बिघडवते, असे घडू शकते. इंग्रजी शब्दयादीवर चालणाऱ्या तपासणीत ही जोडी सापडणार नाही, म्हणून ती आपणच घेऊन जावी.

‘पाणी’ ऐवजी ‘माणी’सारखे ऐकू येत असेल किंवा सगळेच बोलणे नाकात वाटत असेल, तर न थांबता ‘पा-पा-पा-पा’ म्हणायला लावून नाकपुड्यांखाली स्टीलचा थंड चमचा धरा. ‘प’ म्हणताना नाकातून हवा यायला नको. चमच्यावर दमट वाफ धरत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

दवाखान्यात काय पाहिले जाते

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि दंतवैद्याची पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हावी, अशी शिफारस बालदंततज्ज्ञ करतात. आपल्याकडे ती बहुधा दाढ ठणकल्यावर रात्री दोन वाजता ठरते, आणि तोवर बोलण्याकडे पाहण्याची सोयीची वर्षे निघून गेलेली असतात. तीन वर्षांखालील मुलाला खुर्चीवर बसवत नाहीत. पालक आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल पालकांकडे तोंड करून मांडीवर बसते आणि तसेच मागे झुकवून त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकवतात. मूल रडले तर तोंड उघडते आणि टाळू स्वच्छ दिसतो, त्यामुळे या रडण्याने पालकांनी कासावीस होऊ नये.

चांगला डॉक्टर तोंड उघडण्याआधीच पाहायला लागतो: खेळण्यात रमलेले असताना मुलाचे ओठ मिटलेले आहेत की उघडे, लाळ गळते का, श्वास नाकाने चालला आहे की तोंडाने. माझ्या मते या भेटीतला सर्वांत मोलाचा प्रश्न हा तोंडाने श्वास घेण्याचाच आहे, आणि नेमका तोच पालकांकडून विचारायचा राहतो. नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढल्या की मूल तोंड उघडे ठेवते, रात्री घोरते, सकाळी उशी ओली असते. अशा मुलांचा टाळू पुष्कळदा अरुंद आणि उंच कमानीसारखा दिसतो आणि वरचे दात पुढे झुकलेले आढळतात. त्याच वाढलेल्या ग्रंथींमुळे कानाकडे जाणाऱ्या नळीचे काम बिघडून पडद्यामागे द्रव साचू शकतो. तो दुखत नाही, तापही येत नाही, फक्त ऐकू येणे मंदावते, जणू मूल पाण्याखाली बसून आपले बोलणे ऐकत आहे. शब्द शिकण्याच्या वयात हे महिनोन्‌महिने चालले तर भाषा मागे पडू शकते. म्हणजे दाताच्या डॉक्टरांना दिसलेला उंच टाळू हा कानाच्या तपासणीचा धागा ठरतो. अशा वेळी टाळू रुंद करणारी प्लेट बसवून घेण्याची घाई न करता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांची चिठ्ठी मागावी.

येथे शब्दांचा एक घोळ सांगणे भाग आहे. आमच्या घरी डॉक्टरांचे ‘टाळू अरुंद आहे’ हे वाक्य ऐकून आजीने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता, कारण तिच्या लेखी टाळू म्हणजे बाळाच्या माथ्यावरची, तेलाने भरायची मऊ जागा. मराठीत दोन्ही अर्थ आहेत. डॉक्टरांशी बोलताना ‘तोंडातला टाळू’ असे स्पष्ट म्हणावे.

जीभ खरोखर जड आहे का

जिभेखालचा पातळ पडदा, ज्याला घरात शीर म्हणतात, आखूड किंवा टोकापर्यंत जोडलेला असला की जीभ बाहेर काढताना टोकाला खाच पडते आणि पत्त्यांतल्या बदामाचा आकार दिसतो. घरी पाहायचे तर एक वर्षावरच्या मुलाच्या वरच्या ओठाला आणि वरच्या पुढच्या दातांच्या मागे किंचित श्रीखंड लावावे. ते चाटायला जीभ पोहोचली, तर ‘ल’, ‘ट’, ‘ळ’ यांसाठी लागणारी उचल तिच्यात असण्याचा संभव चांगला आहे. पोहोचली नाही तर डॉक्टरांना दाखवावे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण आखूड पडद्याची कित्येक मुले जिभेची वेगळी ठेवण शोधून स्वच्छ बोलतात.

या बाबतीत स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. जिभेच्या पडद्यामुळे मूल बोलायलाच उशिरा सुरुवात करत नाही. ज्याला बोलायचे आहे ते मूल जड जिभेनेही बोलते, त्याचे काही ध्वनी तेवढे बोबडे येतात. तान्ह्या बाळाला स्तनपानात अडचण येत असेल तर पडद्याचा विचार लवकर करावा लागतो, परंतु अडीच वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाची शीर कापून त्याला वाचा फुटेल ही अपेक्षा चुकीची आहे. उच्चारासाठी शस्त्रक्रिया सुचवली गेली तर आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासणी करून घ्यावी आणि एकच प्रश्न विचारावा: ‘याचे जे ध्वनी बिघडलेले आहेत, ते जिभेचे टोक वर न गेल्यामुळेच बिघडले आहेत का?’ ‘काका’चे ‘ताता’ करणाऱ्या मुलाच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे येईल आणि एक शस्त्रक्रिया वाचेल. लेझर वापरले म्हणून हे उत्तर बदलत नाही.

किडलेले, पडलेले आणि न जुळणारे दात

बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पटाशीचे दात सर्वांत आधी किडतात. ‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत’ असे म्हणून ते सोडून दिले की पुढे काढावे लागतात, आणि वरचे कायमचे पटाशीचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही तीन-चार वर्षांची फट झाली. बहुतेक मुले तिच्याशी जुळवून घेतात. उच्चार अजून बसायचे आहेत अशा, म्हणजे तीन वर्षांच्या आतल्या मुलाचे पुढचे चारही दात गेले तर जास्त लक्ष द्यावे लागते. डॉक्टर शक्यतो दातातली कीड काढून किंवा नसेचा उपचार करून त्यावर दातांच्या रंगाची टोपी बसवतात. दात गेलेच असतील तर दाढांना अडकवलेल्या तारेवर कृत्रिम दात लावून देता येतात. ‘उच्चारासाठी हे आवश्यक आहे की दिसण्यासाठी?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये. दोन्ही कारणे रास्त आहेत, फक्त कोणत्या कारणासाठी पैसे देत आहोत हे माहीत असावे.

अंगठा चोखण्याने वरखालचे पुढचे दात मिटत नाहीत, मध्ये खिडकी राहते आणि ‘स’ म्हणताना जीभ त्या खिडकीतून बाहेर येते. तीन-चार वर्षांपर्यंत सवय सुटली तर खिडकी पुष्कळदा आपोआप मिटते. त्यापुढे सवय टिकली तर टाळूशी बसणारी तारेची जाळी देतात, पण मुलाची स्वतःची तयारी असल्याशिवाय ती बसवू नये. शिक्षा म्हणून बसवलेली जाळी मुले वाकवून टाकतात. अंगठ्याला कडुनिंब किंवा मिरची चोळणे तर टाळावेच. खिडकी मिटल्यावर ‘स’ लगेच सुधारेल असेही धरू नये, कारण जिभेला लागलेले वळण उरते आणि ते बदलणे हे थेरपीचे काम आहे.

टाळू दुभंगलेला असेल तर

येथे दाताच्या डॉक्टरांचे काम जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच सुरू होते. दुभंग रुंद असेल तर काही केंद्रांत बाळाच्या टाळूचा साचा घेऊन प्लेट बनवतात, जी दर काही दिवसांनी घासून-भरून दुभंगाच्या कडा जवळ आणते. टाळूची शस्त्रक्रिया साधारण 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे शब्द फुटण्याच्या सुमारास केली जाते. या मुलांच्या कानात द्रव साचण्याचे प्रमाण मोठे असल्याने श्रवणाची तपासणी वरचेवर लागते. शस्त्रक्रियेनंतरही बोलणे नाकात राहिले, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा किंवा मऊ टाळूला आधार देणाऱ्या उपकरणाचा विचार सर्जन, दंततज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट मिळून करतात.

झाकलेला दुभंग जास्त फसवा असतो. वरची त्वचा अखंड, आतले स्नायू मात्र जुळलेले नसतात; पडजिभेला मध्ये चीर, टाळूच्या मधोमध निळसर रेघ आणि तान्हेपणी नाकातून दूध येण्याचा इतिहास, या त्याच्या खुणा. अशा मुलाचे अ‍ॅडिनॉइड काढले तर नाकातले बोलणे वाढू शकते, म्हणून त्या शस्त्रक्रियेआधी ‘पडजीभ पाहिली का?’ असे विचारून घ्यावे.

चिठ्ठी लिहून घ्या आणि पुढे जा

दाताच्या डॉक्टरांकडून निघताना तोंडी सल्ल्यावर समाधान मानू नये. दातांची जुळणी, जिभेची उचल, टाळू, पडजीभ आणि श्वास या पाच गोष्टींबद्दल काय दिसले हे एका कागदावर लिहून मागावे आणि कोणाकडे पाठवत आहेत तेही. स्पीच थेरपिस्ट निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील, म्हणजे आरसीआयची नोंदणी विचारावी. केवळ फुगे फुगवणे, शिट्ट्या वाजवणे आणि जीभ गोल फिरवणे यांवर महिने काढणारी थेरपी असेल तर शंका घ्यावी. फुंकर मारण्याच्या सरावाने फुंकर सुधारते, ‘स’ सुधारण्यासाठी ‘स’चाच सराव लागतो.

खर्चाची अडचण असेल तर शासकीय मार्ग चांगला आहे आणि अनेकांना माहीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथून झाली. त्यातील फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. दुभंगलेले ओठ व टाळू, श्रवणदोष, भाषाविकासातील विलंब आणि दातांची कीड हे चारही त्यांच्या यादीत आहेत. संशयित मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. या केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि स्पीच थेरपिस्ट एकाच छताखाली असावेत अशी योजना आहे. प्रत्यक्ष पद भरलेले आहे का, हे फोन करून विचारून मगच जावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे कमी खर्चात तपासणी होते. पहिल्या दिवशी रांगेत सकाळ जाते, तेव्हा मुलाचा डबा आणि एखादे खेळणे सोबत असू द्यावे.

परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘घरी एकच भाषा बोला’ असे सांगितले जाते. दोन भाषा कानावर पडल्यामुळे भाषाविलंब होत नाही, म्हणून आपली भाषा थांबवू नये. थेरपिस्टला मात्र ‘ळ’, ‘ण’ आणि दोन ‘च’ हे मराठीचे ध्वनी आहेत, चुका नाहीत, असे सांगावे.

उपचार सुरू झाल्यावर

टाळूशी बसणारे कोणतेही उपकरण पहिले काही दिवस बोलणे बिघडवते, म्हणून ते बसवण्याची तारीख थेरपिस्टला आधी कळवावी. दर तीन महिन्यांनी मोबाइलवर तीच शब्दयादी पुन्हा मुद्रित करावी, कारण रोज ऐकणाऱ्या कानाला बदल कळत नाही. आणि सहाव्या-सातव्या वर्षी वरचे दोन दुधाचे दात पडले की इतक्या कष्टाने बसलेला ‘स’ पुन्हा शिट्टी मारू लागेल. तेव्हा नवीन दात पुरते खाली येईपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरही शिट्टी राहिली तरच जुनी फाइल घेऊन पुन्हा वेळ घ्यावी.